प्राइमर स्वस्तातला चालेल, पण ऑगस्टात स्प्रे नको

प्रश्न मालाडला राहणाऱ्या, कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाचा आहे. त्याच्याकडे तीन तऱ्हेची मिनिएचर्स, म्हणजे रंगवायचे छोटे पुतळे, जमली आहेत. कुणाकडून तरी सेकंडहँड घेतलेले वॉरहॅमर या टेबलावरच्या लढाईच्या खेळाचे वीस प्लास्टिकचे सैनिक, एका बोर्डगेममधले मऊसर पुतळे आणि मित्राने थ्रीडी प्रिंटरवर काढून दिलेले डझनभर मावळे. मावळे दिवाळीत बिल्डिंगखालच्या किल्ल्यावर मांडायचेत. परदेशी प्राइमरचा, म्हणजे रंगाआधी मारायच्या अस्तराचा, कॅन दीड हजाराच्या वर जातोय, हार्डवेअरवाला म्हणतो भिंतीचा प्राइमर घेऊन जा, आणि एक मित्र म्हणतो गाडीचा स्प्रे मार. स्वस्तात काय चालेल, एवढंच त्याला हवंय.

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. ऑगस्ट चालू आहे, तेव्हा आत्ता स्प्रे कुठलाच घेऊ नकोस. स्वस्त नको आणि महागही नको. चित्रकलेच्या दुकानातून जेसोची (हे पाण्यातलं पांढरं अस्तर) छोटी बाटली आण आणि ब्रशने लाव. पाऊस गेला की ऑक्टोबरात इथलाच, अडीचशे-तीनशेच्या घरातला मॅट स्प्रे घे आणि सैनिकांची उरलेली पलटण त्याने उरक. मऊ पुतळे मात्र स्प्रेच्या वाऱ्यालाही उभे करू नकोस. मावळ्यांचं गणित वेगळं आहे, ते खाली येईल.

मी परळची. बावीस वर्षं मिनिएचर रंगवतेय, त्यातली पहिली तीन-चार स्वतःचं नुकसान करून घेण्यात गेली. मामा गणपतीच्या कारखान्यात कामाला होते, त्यामुळे ‘प्राइमर’ हा शब्द कानावर पडायच्या आधी ‘अस्तर’ कळलं होतं. मूर्तीवर रंग चढायच्या आधी पांढऱ्या अस्तराचा हात बसायचा, आणि त्याच्याही आधी मूर्ती सुकली की नाही ते बघायचं असायचं. मामा ते हात लावून बघत नसत. मूर्तीला गाल टेकवायचे. गालाला गार लागली की म्हणायचे, अजून ओल आहे, राहू दे. ओल उडून जाताना मूर्तीतली उष्णता घेऊन जाते म्हणून ती गार लागते, हे शाळेत नंतर शिकवलं. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे स्प्रेच्या वेळी लागणार आहे.

अस्तर कशासाठी? आपण वापरतो ते बहुतेक रंग पाण्यातले ॲक्रिलिक. कोऱ्या प्लास्टिकवर ते पसरत नाहीत, अळूच्या पानावरच्या पाण्यासारखे गोळा होतात. कसेबसे सुकले तरी नखाने निघतात. अस्तर खालच्या पृष्ठभागाला धरतं आणि वरच्या रंगाला धरायला किंचित खरबरीत जागा देतं. शिवाय सगळी आकृती एका रंगाची झाली की साच्याचे जोड आणि राहिलेल्या भेगा दिसायला लागतात, ज्या करड्या प्लास्टिकवर डोळ्याला दिसतच नव्हत्या.

आता हार्डवेअरच्या दुकानाचं. तिथे जाऊन ‘प्राइमर द्या’ म्हटलं की समोरचा विचारणार, ‘लोखंडाला, लाकडाला की भिंतीला?’ आपल्या कामासाठी तिन्ही उत्तरं चुकीची. रेड ऑक्साइड खिडकीच्या ग्रिलसाठी असतो, गंजाला अडवायला. तो जाड बसतो आणि सावकाश सुकतो. आपला सैनिक टाचेपासून टोपीपर्यंत जेमतेम सव्वा इंचाचा, त्याचं तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं. रेड ऑक्साइडचा एक हात मारला की नाक-डोळे एकत्र. लाकडाचा पांढरा प्राइमरही सहसा तेलातला, टर्पेंटाइन घालून पातळ केला तरी कोरीवकाम बुजवतो. भिंतीचा प्राइमर बहुतेक पाण्यातला असतो, स्वस्त असतो आणि म्हणून मोह पाडतो. पण तो प्लास्टरसाठी बनवलेला आहे. प्लास्टर पाणी पितं, प्राइमर त्याच्या छिद्रांत शिरून बसतो. प्लास्टिक काहीच पीत नाही. मी एकदा एका घोडेस्वारावर लावून पाहिला होता. तिसऱ्या दिवशी घोड्याच्या मांडीवरून त्याचे पोपडे निघाले, आणि मांडी तर कुठे घासलीही नव्हती.

तुझ्या हातात काय आहे ते आधी ओळख, कारण स्वस्त-महाग त्यावरच ठरतं. कडक प्लास्टिक लादीवर टाकलं की ‘टक’ असा कोरडा आवाज येतो, आणि जास्त वाकवलं तर वाकलेल्या जागी पांढरं पडून मोडतं. बोर्डगेममधल्या मऊ पुतळ्याची तलवार वाकवलीस तर वाकेल आणि हळूहळू परत येईल, हे पीव्हीसी. गरम पाण्यात दोन मिनिटं टाकलंस तर आणखी मऊ पडेल. वाकड्या तलवारी आम्ही तशाच सरळ करतो, गरम पाण्यातून काढून लगेच गार पाण्यात बुडवायच्या. धातूचा पुतळा वजनावरूनच कळतो. रेझिन वजनाला हलकं आणि ठिसूळ, हातातून पडलं की भाल्याचं टोक पहिलं जातं.

कुठलंही असलं तरी अस्तराआधी धुवायचं. साच्यातून पुतळा सुटून यावा म्हणून त्यावर तेलकट थर असतो, आणि सेकंडहँड मालावर तर आधीच्या मालकाच्या बोटांचं तेलही. भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, कोमट पाणी, जुना टूथब्रश. मग पंख्याखाली रात्रभर. पावसाळ्यात मी दोन रात्री ठेवते. ढालीच्या मागे आणि झग्याच्या घड्यांत पाणी लपून बसतं.

जेसो म्हणजे कॅनव्हासला लावतात ते. ॲक्रिलिकच्या चिकात खडूची पूड आणि पांढरं रंगद्रव्य घोटलेलं. अब्दुल रेहमान स्ट्रीटवर किंवा तुझ्या जवळच्या कुठल्याही बऱ्या स्टेशनरीच्या दुकानात मिळेल. कॅमलिनचा असला तरी बास, परदेशी नाव शोधत बसू नकोस. कॅमलिन ही १९३१ साली दांडेकरांनी मुंबईत सुरू केलेली कंपनी. आपल्यापैकी अनेकांच्या हातावर पहिला डाग तिच्याच शाईचा पडला असेल, तेव्हा अस्तरही तिचंच असायला हरकत नाही.

पहिल्यांदा जेसो लावशील तेव्हा घाबरशील, हे आत्ताच सांगते. ओला असताना तो श्रीखंडासारखा दिसतो, पट्ट्याची बकल गायब, बोटं एकमेकांना चिकटलेली, सगळा पुतळा स्नोमॅन. पुसून टाकू नकोस. जेसो सुकताना आकसतो आणि आकृतीला घट्ट ओढून बसतो. सकाळी बघशील तर बकल परत आलेली असते. यात गडबड दोनच ठिकाणी होते. एक म्हणजे खूप जाड थापणं. बाटलीतून एका झाकणात थोडा घे, पाण्याचे दोन-चार थेंब घाल, दुधाच्या सायीइतका सैल होऊ दे. त्याहून जास्त पाणी घातलंस तर पकड जाते आणि उंच भागावरून तो पळून खाचांत साचतो. दुसरी म्हणजे बुडबुडे. ब्रश घुसळायचा नाही. मऊ सिंथेटिक चपटा ब्रश ओला करून टिपून घे, आधी छाती-पाठीसारख्या मोठ्या जागांवर फिरव, मग तोच माल खाचांत ढकल, आणि शेवटी कोरड्या ब्रशच्या टोकाने खाचांतला जास्तीचा उचलून घे. चेहऱ्याला सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी. एका पुतळ्याला मला चार मिनिटं लागतात, तुला सुरुवातीला दहा लागतील. ब्रश लगेच धू. पत्र्याच्या गळ्यात जेसो सुकला की तो ब्रश गेला, म्हणून चांगला ब्रश या कामाला काढूच नकोस.

पांढराच नको असेल तर त्यात काळा ॲक्रिलिक रंग कालवून करडा करता येतो. पण त्यात फेविकॉल घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. पांढरा फेविकॉल सुकल्यावरही पाण्याने पुन्हा मऊ पडतो. त्यावर ओला रंग फिरवलास की खालचं अस्तरच ब्रशला चिकटून वर येईल. किल्ल्याच्या मातीला, थर्मोकोलच्या बुरुजाला फेविकॉल-पाणी उत्तम, सव्वा इंचाच्या माणसाला नाही.

जेसोची पकड स्प्रेइतकी पक्की नसते, हे खरं. तलवारीचं टोक, टोपीचा काठ, जिथे बोट सारखं लागतं तिथे तो घासला जातो. नुसते कपाटात मांडायचे असतील तर काही बिघडत नाही, खेळायला काढायचे असतील तर रंगकाम झाल्यावर मॅट वॉर्निशचे दोन हात द्यावेच लागतील. ज्याला दर रविवारी खेळायचंय त्याने व्हायेहो (Vallejo) या मिनिएचरचे रंग बनवणाऱ्या कंपनीचा, ब्रशने लावता येणारा प्राइमर घ्यावा. साठ मिलिलिटरची बाटली येते आणि मला ती वर्षभर पुरते. त्याचा कातडीसारखा लवचीक थर बसतो. फक्त त्याला नीट मुरायला चोवीस तास द्यायचे आणि त्यावर पॉलिश पेपर चालवायचा नाही, घासला की रबरासारखा सोलून निघतो.

आता ऑगस्टात स्प्रे का नको ते.

२००९ च्या जुलैत मला एक ऑर्डर होती, बारा धातूचे घोडेस्वार. दोन दिवस पाऊस कोसळून तिसऱ्या दिवशी दुपारी उघडला. ऊन नव्हतं, पण पाऊसही नव्हता. सेक्रेटरीकडून गच्चीची किल्ली घेतली, पुठ्ठ्यावर बारा स्वार चिकटवले, चांगल्या परदेशी कॅनने काळं अस्तर मारलं. दहा मिनिटांनी बघते तो काळे स्वार राखेत लोळून उठल्यासारखे. वरून दुधाळ, करडी साय. वाटलं कॅन खराब निघाला. दुसरा हात मारला, साय आणखी दाट.

कॅन खराब नव्हता. स्प्रेमधलं थिनर क्षणात उडून जातं आणि उडताना पुतळ्याची उष्णता घेऊन जातं. मामांच्या गालाला लागायचा तोच गारवा, फक्त कितीतरी झपाट्याने. पुतळा आजूबाजूच्या हवेपेक्षा गार झाला की हवेतला दमटपणा त्यावर धरतो, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर धरतो तसा. ते बारीक पाणी ओल्या रंगात अडकतं आणि थर पांढुरका पडतो. याला ब्लशिंग म्हणतात.  हवेतच पाणी असेल तर दीड हजाराचा कॅन आणि अडीचशेचा कॅन सारखेच हरतात. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत पाऊस येण्याची सरासरी तारीख ११ जून आणि परतण्याची ८ ऑक्टोबर. या चार महिन्यांत मी स्प्रेचं टोपण उघडत नाही. शेवटचा मॅट वॉर्निशचा स्प्रेही नाही, कारण त्याचा पांढुरकेपणा सगळं रंगकाम झाल्यावर येतो आणि तेव्हा रडूच येतं. पावसाळ्यात वॉर्निशही ब्रशनेच.

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत आपले दिवस. दुपारी बारा ते चार, ऊन पडलेलं, दोरीवरचे कपडे दोन तासांत कडक होतायत असा दिवस बघ. मोबाइलवर आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली दिसली तर सोन्याहून पिवळं.

तेव्हा घ्यायचा कॅन कुठला? परदेशी कॅन महाग असतात त्याचं एक कारण त्यांच्या पोटात ज्वलनशील वायू असतो. साध्या पार्सलसारखे ते विमानातून येत नाहीत. माल समुद्रमार्गे येतो, त्यावर आयातीचे कर, मग दुकानदाराचा नफा. आतला प्राइमर चांगला असतोच, रंगद्रव्य बारीक दळलेलं असतं आणि नॉझलचा फवारा धुक्यासारखा पडतो. पण चारशे मिलिलिटरच्या कॅनमध्ये माझे साठ-सत्तर पुतळे होतात. म्हणजे परदेशी अस्तर एका पुतळ्याला वीस-पंचवीस रुपयांना पडतं, इथलं चार-पाच रुपयांना आणि जेसो रुपया-दीड रुपयाला. वीस सैनिकांसाठी हा फरक फार मोठा नाही. खरा फरक तेव्हा पडतो जेव्हा पहिल्या दहा-बारा पुतळ्यांवर हात बसवायचा असतो. शिकताना माल वाया जातोच, तो स्वस्तातला गेलेला बरा.

इथला कॅन घेताना तो गाडीच्या रंगाच्या दुकानातून घे, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा तुमच्याकडे एसव्ही रोडला अशी दुकानं आहेत. डब्यावर तीन गोष्टी वाच. ‘मॅट’ लिहिलेलं हवं. ग्लॉसी थर काचेसारखा असतो, त्यावर आपला रंग घसरतो. ‘ॲक्रिलिक’ किंवा ‘क्विक ड्राय’ हवं. ‘एनॅमल’ लिहिलं असेल तर परत ठेव, तो दिवस दिवस चिकट राहतो आणि त्यावर धूळ, कबुतराची पिसं, हायवेची काजळी, सगळं येऊन बसतं. तिसरं, ‘हाय बिल्ड’ किंवा ‘फिलर’ लिहिलेला प्राइमर सैनिकांसाठी घेऊ नकोस. गाडीच्या पत्र्यावरचे ओरखडे भरायला तो मुद्दाम जाड केलेला असतो, आणि आपल्या सैनिकाच्या कवचावरची नक्षी त्याच्या लेखी ओरखडाच. साधा मॅट काळा किंवा ‘प्राइमर ग्रे’ पुरेसा आहे.

कुठल्याही नव्या कॅनची परीक्षा पुतळ्यावर घेऊ नये. मी एकदा घाईत घेतली. थिनर इतकं कडक होतं की प्लास्टिकच्या सैनिकाचा चेहरा उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखा ओघळला. पूर्वी आम्ही आइस्क्रीमच्या प्लास्टिकच्या चमच्यांवर करून बघायचो, ते चमचे १ जुलै २०२२ पासून बंद झाले. पण त्याहून चांगली वस्तू तुझ्याकडे आहे. सैनिक ज्या चौकटीतून कापून काढतात ती उरलेली काडी, स्प्रू. ती त्याच प्लास्टिकची असते. तुझा माल सेकंडहँड आहे म्हणून स्प्रू नसेल, तर एखाद्या सैनिकाच्या तळाच्या चकतीची खालची बाजू चालेल. एक हात मार, चोवीस तास थांब. मग नखाने खरवड, सेलोटेप दाबून झटक्यात ओढ. टेपला पावडर आली तर ठीक, पापुद्रा आला तर तो कॅन सायकलच्या मडगार्डला वापर.

मारायची रीत हाताला बसेपर्यंत वेळ लागतो. कॅन आतली गोळी खडखडायला लागल्यावरही पूर्ण दोन मिनिटं हलव, आपण सगळेच इथे आळस करतो आणि मग पहिला फवारा नुसत्या थिनरचा येतो. पुतळ्यापासून एक वीत अंतर, फार तर सव्वा वीत. जवळून मारलंस तर ओघळ येतात. लांबून मारलंस तर रंग हवेतच सुकून पुतळ्यावर पावडर होऊन पडतो, हात फिरवला की पॉलिश पेपरसारखा लागतो. आपल्या ऑक्टोबरच्या उन्हात हा दुसरा प्रकार जास्त होतो. फवारा पुतळ्याच्या बाहेर सुरू करून पुतळ्यावरून नेऊन बाहेर संपवायचा, बोट पुतळ्यासमोर दाबायचं नाही आणि तिथे सोडायचंही नाही. पहिल्या हातात प्लास्टिक थोडं दिसत राहिलं पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांनी पुतळे आडवे करून दुसरा हात, काखेत आणि झग्याखाली पोचायला. तरी कुठे राहिलंच तर ब्रशने काळा रंग लावून मोकळी हो, म्हणजे हो रे. मला सगळ्यांना ‘हो गं’ म्हणायची सवय, माझ्या वर्गात मुलीच जास्त.

रंगाबद्दल फार डोकं लढवू नकोस. लोखंडी चिलखतं आणि राकट माणसं असतील तर काळं, कारण राहिलेल्या खाचा आपोआप सावलीसारख्या दिसतात. पांढऱ्या, पिवळ्या कपड्यांना पांढरं किंवा करडं. काळ्यावर वरून, साधारण दुपारी दोनच्या उन्हाच्या तिरकसपणाने, पांढऱ्याचा हलका फवारा मारला की उजेड-सावली आयती मिळते. हेच जेसोनेही जमतं. काळं अस्तर सुकल्यावर जवळजवळ कोरडा केलेला पांढरा ब्रश उंच भागांवर घासायचा.

मऊ पुतळ्यांचं. पीव्हीसीत ते मऊ राहावं म्हणून तेलासारखं द्रव्य घातलेलं असतं. बऱ्याच स्प्रेंमधलं थिनर त्याच्याशी भिडतं आणि वरचा थर कधीच सुकत नाही. आज चिकट, आठवड्याने चिकट, दिवाळीत चिकट. माझ्याकडे २०१४ सालचा एक अजगर आहे, अजून बोटाला चिकटतो. तेव्हा धू, सुकव, जेसो किंवा व्हायेहो ब्रशने. एवढंच.

थर्मोकोललाही हाच नियम, आणि किल्ला करतोस म्हणून सांगते. त्यावर स्प्रे मारलास तर तो चिकटत नाही, थर्मोकोलच विरघळतं. आमच्या चाळीत एकदा मुलांनी अर्ध्या तासात प्रतापगडाचा लोणार केला होता.

मावळे आधी तपास. रेझिनच्या प्रिंटरवर काढलेले असतील तर मित्राला विचार की आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुऊन अतिनील दिव्याखाली कडक केलेत का. बोटाला किंचितही चिकट लागले तर अस्तर बसणार नाही. तसे असतील तर हातमोजे घालून पुन्हा धुवायचे आणि ऊन असेल तेव्हा उन्हात फिरवत ठेवायचे. तारेसारखं प्लास्टिक वितळवून थरावर थर रचणाऱ्या प्रिंटरचे असतील तर जवळून बघितल्यावर कणसासारख्या आडव्या रेषा दिसतील. इथे, आणि फक्त इथेच, मघाशी नको म्हटलेला ‘फिलर’ प्राइमर कामाला येतो. ज्या जाडपणाने सैनिकाची नक्षी बुजते त्याच जाडपणाने या रेषा भरतात. दोन हात, सुकल्यावर बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घोटायचं, पुन्हा एक हात. पण तो स्प्रे असल्यामुळे ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागेल, आणि पाऊस जाऊन दिवाळी येईपर्यंत हाती मोजकेच आठवडे असतात. तेवढा वेळ नसेल तर आत्ताच जाडसर जेसोचे दोन हात देऊन घोट. किल्ल्यावरची चित्रं लोक दोन हात लांबून बघतात, रेषा कुणाला दिसत नाहीत. कुंभारवाड्यातून मातीचे मावळे आणलेस तर त्यांना यातलं काहीच लागत नाही. माती रंग पिते, पातळ जेसोचा एक हात भरपूर झाला.

स्प्रे घरात मारायचा नाही. आतला वायू स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा असतो, आणि आपल्या घरांत बाल्कनीपासून गॅसची शेगडी आणि देवघरातली समई फार तर दहा पावलांवर. गच्चीवर जा, पुठ्ठ्याचं मोठं खोकं आडवं ठेवून त्यात मार, शेजारच्यांचे कपडे दोरीवर नाहीत ना ते बघ. एन-९५ मास्क रंगाचे कण अडवतो, थिनरची वाफ नाही. वाफेसाठी कार्बनच्या डब्या लावलेला मास्क येतो, नागदेवी स्ट्रीटला सेफ्टीच्या सामानाच्या दुकानांत मिळतो. वापरून झाला की झिपच्या पिशवीत बंद कर, उघड्यावर राहिल्या तर डब्या हवेतलंच शोषून संपतात. वास आत यायला लागला की बदलायच्या. घरात पोपट किंवा लव्हबर्ड असतील तर त्यांच्या खोलीची खिडकी आधी लाव, पक्ष्यांना हा वास माणसांपेक्षा फार लवकर बाधतो. उरलेला कॅन गच्चीवर विसरू नकोस. मे महिन्याच्या उन्हात तापलेला कॅन फुटू शकतो.

आणि सेकंडहँड सैनिकांवर आधीचा जाड रंग असेल, किंवा तुझंच अस्तर बिघडलं, तर पुतळा फेकायचा नाही. प्लास्टिकला आयसोप्रोपिल अल्कोहोल, नाहीतर बिनपाण्याचं डेटॉल. झाकणाच्या बरणीत बुडवून एक दिवस ठेव, मग टूथब्रशने घास. डेटॉलमधून काढल्यावर थेट नळाखाली धरू नकोस, सुटलेल्या रंगाचा चिकट लगदा होतो. आधी नव्या डेटॉलमध्येच घासून काढ, मग साबण, मग पाणी. धातूच्या पुतळ्याला नेलपॉलिश रिमूव्हरही चालतो, प्लास्टिकला तो लावलास तर पुतळाच विरघळेल. माझे ते बारा राखाडी घोडेस्वार असेच डेटॉलच्या तीन बरण्यांत बुडवून पलंगाखाली ठेवले होते. संध्याकाळी आई कामावरून आली आणि दारातच थबकून म्हणाली, ‘कुणाला लागलं?’